किल्लीची रेघ

आमच्या झूलॉजीच्या मॅडमच्या हातावर अक्षरं उगवायची. खरंच! स्कूटीच्या किल्लीनं त्या मनगटाच्या वर स्वतःचं नाव लिहायच्या, आणि बघता बघता ते गांध उठल्यासारखं टरारून वर यायचं. "चमडी नाही, चुगलखोर आहे माही," म्हणायच्या.

बालाघाटच्या कॉलेजात त्या हिंदीतून शिकवत, पण रंगात आल्या की गाडी मराठीवर यायची. "रेघ लाल झाली. आता आजूबाजूले लाली पसरून राह्यली, ते काहून? नर्व्हची टोकं पेप्टाइड नावाची रसायनं सोडतात, बारीक रक्तवाहिन्या फुगतात. मंग त्याइतून पाणी झिरपते अन् चमडी सुजते. नर्व्हच मेली, तर लाली पसरनारच नाही." नुसतं पाठ करणाऱ्यांचा त्यांना भारी राग. "आपल्या अंगावर पाहा!" म्हणत बाकाबाकावर किल्ली घेऊन फिरायच्या.

माझ्या दंडावर एक फिकट चट्टा होता. हौसेनं मीच बाही वर केली. बाहेर लाली पसरली, चट्ट्यात मात्र नुसती रेघ. मला ती जाणवलीसुद्धा नाही. मॅडम पुढच्या मुलीकडे गेल्या. तास सुटल्यावर मात्र मला स्कूटीवर बसवून थेट दवाखान्यात नेलं. महारोग निघाला. माझं लग्न रामपायलीला ठरलेलं! मी ढसाढसा रडले.

"रडून काहून राह्यली? वेळेवर सापडलं, गोळ्यांनी बरं होते. लग्न गोळ्या संपल्यावर कर. अन् कोनाले सांगाचं ते तू ठरव. माह्या तोंडून निंघनार नाही."

मी बरी झाले, संसाराला लागले. कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. मॅडम दर दिवाळीला यायच्या, सासूबाईंच्या करंज्यांची तारीफ करायच्या अन् जाताना हळूच माझा दंड बघायच्या. सासूबाई म्हणायच्या, "केवढी माया लावते बाई!"

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. अजून दारात स्कूटी थांबली की मी वेड्यासारखी धावते. फार आठवण येते हो त्यांची.

शोकसभेला सासूबाईही माझ्यासोबत आल्या होत्या. सगळे मॅडमच्या शिस्तीबद्दल बोलत होते. मला राहवेना. उठले, बाही वर केली आणि सगळं सांगून टाकलं, रोगाच्या नावासकट. सासूबाई पहिल्याच रांगेत होत्या. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

सभा संपल्यावर त्यांनी माझा हात धरला. "चाल घरी," एवढंच म्हणाल्या. रामपायलीपर्यंत बसमध्ये तो हात सोडला नाही. कधी एकदा हे मॅडमना सांगते, असं मला झालं. अन् मग आठवलं.