थोरल्या जावयाची लाल गाडी

काष्टीच्या बाजारतळाजवळ गोरक्षचं बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे. माणूस गोल, गोरा, मिशा नीट कातरलेल्या, आणि स्वभाव इतका मोकळा की कांद्याच्या बियाण्याची पिशवी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक चहा पिऊन, गप्पा मारून, कधीकधी पिशवी विसरून घरी जातं. गावात कुणाचा बंगला झाला की पेढे मागायला गोरक्ष पहिला. कुणाचं पोरगं फौजदार झालं की हार घेऊन गोरक्ष पहिला. जगात कुणाचंही भलं झालेलं त्याला चालतं. फक्त सोनईत एक माणूस असा आहे, की त्याच्या दारात नवी बादली आली तरी इकडे काष्टीत गोरक्षच्या पोटात कळ येते. तो माणूस म्हणजे त्याचा साडू, अंगद.

पुणतांब्याच्या सहादूमामांना दोन मुली. थोरली अश्विनी गोरक्षला दिली, धाकटी निकिता अंगदला. अंगद येईपर्यंत सासरवाडीत गोरक्षचं राज्य होतं. पहिला पाट त्याचा, पहिली ओवाळणी त्याची, पुरणपोळीवर तुपाची पहिली धार त्याची. अंगद आला आणि राज्याची वाटणी झाली. बरं, अंगदचा दोष काढावा तर तो सापडत नाही. त्याच्याकडे सगळं आहे आणि त्याचा त्याला गर्व नाही. गर्व असता तर गोरक्षला मनमोकळ्या शिव्या तरी देता आल्या असत्या. ती सोयही त्या माणसाने ठेवली नाही.

आणि मग अंगदने पांढरी गाडी घेतली. सात माणसांची, उंच, छताला खिडकी. गावातून गेली की भिंत चालल्यासारखी वाटायची. तेव्हापासून लग्न असो, दहावा असो की शिर्डी असो, सहादूमामा अंगदच्या शेजारच्या सीटवर. आता सहादूमामा म्हणजे कौतुकाच्या बाबतीत फार काटकसरी माणूस. त्यांनी आयुष्यात दोनदाच कौतुक केलं. एकदा घोडेगावच्या बाजारात एका बैलाचं, आणि दुसऱ्यांदा अंगदच्या गाडीतल्या एसीचं. हे दुसरं कौतुक गोरक्षने मागच्या सीटवर, दोन पाहुण्यांच्या मध्ये चेपून बसून, स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्या दिवसापासून त्याच्या आयुष्याला एकच ध्येय उरलं. मामा आपल्या शेजारी बसले पाहिजेत आणि तिसरं कौतुक आपल्या गाडीचं झालं पाहिजे.

अंगदपेक्षा मोठी गाडी घ्यावी तर लोक म्हणणार, साडूची बघून घेतली. म्हणून गोरक्षने लहान घेतली.

नगरला कॅम्पात एका निवृत्त लष्करी साहेबांच्या शेडमध्ये ती उभी होती. लाल, दोनच माणसांची, टप उघडा, इंग्रजी बनावटीची, वयाने गोरक्षपेक्षा मोठी. गोल दिवे असे, की कुणीतरी दचकवल्यासारखी सारखी बघत राहायची. गोरक्षने ती घरी आणली तेव्हा अश्विनी खताच्या गोण्या टेम्पोत भरून निघाली होती. दुकानाचा टेम्पो तीच चालवते, आणि झकास चालवते. तिने टेम्पो थांबवला, खाली वाकून लाल गाडीकडे पाहिलं आणि विचारलं, "आवं, बाकीची कुठाय?"

गाडी पळायला वाघ होती. थांबायला मात्र तिची तयारी नसायची. चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक. थांबायचं असेल तर गोरक्षला दोन्ही पाय ब्रेकवर ठेवून, पाठ सीटला टेकवून, जवळजवळ उभं राहावं लागे. वळणावर गाडी इतकी कलायची की शेजारी बसलेल्या माणसाला रस्त्यावरचं गवत मोजता यावं. अशा गाडीत सासऱ्याला बसवायचं म्हणजे कौतुकाऐवजी दहाव्याची तयारी.

म्हणून गाडी नगरला गहिनीनाथच्या गॅरेजात गेली. गहिनीनाथ हा जीभ पान्यापेक्षा जास्त चालवणारा मिस्त्री. त्याने पुढे डिस्क ब्रेक बसवले. बारीक चाकं काढून रुंद टायरांची चकचकीत मॅगव्हील आणली. शॉकप बदलले. मग प्रश्न आला स्प्रिंगांचा.

"शेठ, आखूड, कडक स्प्रिंगा टाकल्या की गाडी खाली बसंल. वळणावर अशी चिकटून जाईल, जशी भिंतीला पाल. पन आपल्याकडं वळणं कमी आन् गतिरोधक जास्त हायेत."

"साडूच्या गाडीपेक्षा खाली पाहिजे," गोरक्ष म्हणाला.

"साडूची तर उंच हाय ना?"

"म्हणून तर!"

गहिनीनाथने गाडी खाली बसवली. इतकी, की नव्या ब्रेकांसाठी पुढे बांधलेलं लिंबू-मिरची रस्ता झाडत चाललं. गॅरेजातून काष्टीला पोचेपर्यंत नुसता दोरा उरला. गोरक्षला त्याचं काही वाटलं नाही. एरवी दृष्ट लागू नये म्हणून माणसं बांधतात, पण एका माणसाची लागावी यासाठीच तर ही सगळी खटपट होती.

यंदा धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला. अधिक महिन्यात जावयांना बोलवून पुरणाच्या धोंड्यांचं जेवण घालायचं, ओवाळायचं, वाण द्यायचं ही रीत पुणतांब्यात छबूबाई मामी काटेकोर पाळतात. दोन्ही जावई एकाच दिवशी येणार होते. जेवणाआधी मळ्यातल्या देवीला नैवेद्य न्यायचा असतो. मळ्यापर्यंतच्या त्या वाटेवर मामा कुणाच्या शेजारी बसतात, यावर गोरक्षचं सगळं अवलंबून होतं.

सकाळी गोरक्ष आणि अश्विनी निघाले. अश्विनीच्या अंगावर पैठणी, मांडीवर मामींसाठी आंब्यांचा खोका. पहिल्याच गतिरोधकावर गाडीचं पोट असं घासलं की गोरक्षने स्वतःच्या पोटावर हात ठेवला. दोघं बसलेले असताना गाडी वर निघत नव्हती, एकट्याला कशीबशी निघत होती.

"उतर जरा," गोरक्ष म्हणाला.

अश्विनी उतरली. गतिरोधक चालत ओलांडला. परत बसली. पुढचं गाव, पुढचा गतिरोधक, पुन्हा तेच. पैठणी सावरत, मान ताठ ठेवून ती प्रत्येक गावात रस्त्यावरून चालत गेली. एका गावात नळावरची बाई कळवळून म्हणाली, "का गं बाई, भरल्या रस्त्यात उतरवलं व्हय तुला? भांडलं का?"

"न्हाई मावशी," अश्विनी म्हणाली, "आमी गाडी सुधारलीय."

राहुरीच्या पुढे रस्त्यात मेंढरं आली. गोरक्षच्या पायांना जुनी सवय. त्याने दोन्ही पाय ब्रेकवर ठेवून सगळा देह तोलला. पण आता ब्रेक नवे होते. गाडी जागच्या जागी खिळली. अश्विनी पट्ट्यामुळे राहिली, आंब्यांना पट्टा नव्हता. काही काचेवर फुटले, काही काचेवरून पलीकडे मेंढरांत गेले.

"आवं, दात पडलं असतं माझं!"

"थांबली बघ कशी!" गोरक्षचे डोळे आनंदाने भरून आले होते. "साडूची थांबल का अशी?"

"त्यांना थांबायची गरजच पडत न्हाई. लोकच बाजूला व्हत्यात."

पुणतांब्यात पोचले तेव्हा पांढरी गाडी आधीच दारात उभी. गोरक्षने लाल गाडी मुद्दाम तिच्या शेजारी लावली. म्हशीशेजारी कोंबडी उभी राहावी तसं दृश्य झालं. अंगद ओसरीवरून उठून आला. गाडीभोवती फिरला. चाकावरून हात फिरवला. खाली वाकून चाकाआड डोकावला. ते पाहून गोरक्षचा अर्धा जीव गार झाला. उरलेला अर्धा मामांवर टांगलेला होता.

ओवाळणं झालं. नैवेद्याचं ताट झाकलं गेलं. गोरक्ष पुढे झाला. "मामा, चला. आज तुमी माझ्या गाडीत."

सहादूमामा धोतर सावरत आले. उभे राहिले. गाडीचं दार त्यांच्या गुडघ्यापर्यंत आलं. बराच वेळ त्यांनी आत पाहिलं, विहिरीत पाहतात तसं.

"बसायचं कसं, पाव्हणं?"

"आधी बूड टेकायचं मामा, मग पाय आत घ्यायचे."

"आन् उठायचं कसं?"

गोरक्षने ब्रेक बदलले होते, चाकं बदलली होती, स्प्रिंगा बदलल्या होत्या. सासऱ्याचे गुडघे त्याच्या हिशेबात कुठेच नव्हते.

"मी आपला आंगदच्या गाडीत बसतो," मामा म्हणाले आणि पांढऱ्या गाडीकडे वळले.

थोरल्या जावयाचा चेहरा पाहून मामींनीसुद्धा पदर तोंडाला लावला. तेवढ्यात अंगद गोरक्षच्या कानाशी आला. तो चक्क लाजत होता.

"साडूभाऊ, राग न्हाई ना येणार? मी ही घेऊ का मळ्यापत्तर? तुमी माझी न्या. मामा तुमच्या शेजारी बसत्याल."

गोरक्षने क्षणभर विचार केला. मामा शेजारी बसणार होते, आणि साडू चावी मागत होता. एका दगडात दोन्ही पक्षी पडत होते. त्याने चावी अशी दिली, जशी राजाने जहागीर द्यावी.

पांढऱ्या गाडीत मामा पुढे, मामी आणि अश्विनी मागे, मामींच्या मांडीवर नैवेद्य. स्टिअरिंगवर गोरक्ष. एसी गार. गाडी इतकी सुखाची होती की त्याला तिचा नव्याने राग आला. कालव्याच्या कडेचा नवा डांबरी रस्ता लागला, आणि मागून हॉर्न वाजला.

लाल गाडी शेजारून निघून गेली. अंगद आणि निकिता. निकिताची ओढणी मागे उडत होती, अंगदचे दात लांबूनही दिसत होते. पुढे कालवा डावीकडे वळतो तिथे ती गाडी कलली नाही, डगमगली नाही, रस्त्यावर रेघ ओढावी तशी वळून गेली. रुंद चाकं उन्हात चमकली. वळणाच्या तोंडाशी एक शेळी आडवी आली, तर गाडी अलगद थांबली, शेळीला वाट दिली आणि पुन्हा निघाली.

गोरक्षने ही गाडी इतके दिवस चालवली होती. चालताना ती त्याने कधी पाहिलीच नव्हती. आत बसलेल्याला बॉनेट दिसतं. बाहेरून ती अशी दिसते, हे त्याला आज कळलं. आणि आत साडू होता.

"वा!" शेजारून आवाज आला.

गोरक्षने मान वळवली. सहादूमामा पुढे वाकून काचेतून बघत होते. तोंडावर हसू होतं.

"काय वळवली, काय वळवली! आन् थांबवली कशी! आंगदच्या हातात लई गुण हाय बरं का, पाव्हणं."

मागे अश्विनी इतकी हसली की मामींना नैवेद्याचं ताट तिच्यापासून लांब धरावं लागलं.

जेवताना गोरक्षने पहिला धोंडा गिळला तो शब्दशः. अंगद मात्र पानावर बसूनही गाडीच बोलत होता. "साडूभाऊ, तुमच्या त्या गाडीसमोर माझी म्हंजे बैलगाडी हो. रातीला मला झोप न्हाई यायची." हे ऐकायची गोरक्षने वर्षभर वाट पाहिली होती. पण आता त्याच्या डोळ्यांपुढे ते कालव्याचं वळण होतं, आणि त्या वळणावरून जाणारा हसरा माणूस तो नव्हता.

परतीच्या वाटेवर गाव सुटल्यावर त्याने गाडी बाजूला घेतली आणि उतरला.

"आता काय? इथं तर गतिरोधक न्हाई," अश्विनी म्हणाली.

"तू चालव. मी इथं उभा राहतो. त्या पुढच्या वळणावरून एकदा नेऊन आण. मला बघायचीय."

अश्विनी सरकून स्टिअरिंगमागे बसली. टेम्पो हाकणारे तिचे हात. गाडी निघाली, वळणावर तशीच चिकटून गेली, दिसेनाशी झाली. गोरक्ष कमरेवर हात ठेवून पाहत राहिला. ती लगेच परत यायला हवी होती. ती आली तेव्हा गोरक्षने रस्त्याकडेच्या बाभळीखाली बूड टेकलं होतं. अश्विनीचे केस विस्कटले होते आणि ती उतरायला तयार नव्हती.

"बसा," ती म्हणाली.

तो शेजारी बसला. पुढच्या गावाआधी गतिरोधक आला. अश्विनीने एक पाय अलगद ब्रेकवर टेकवला.

"उतरा."

गोरक्ष उतरला. गतिरोधक ओलांडून चालू लागला. लाल गाडी पोट न घासता सहज वर चढली आणि पलीकडे उतरली. तिथे ती थांबायला हवी होती. ती थांबली नाही. पुढच्या वळणाकडे निघाली.

गतिरोधकाजवळच्या रसवंतीवाल्या बाईने उन्हात एकटा उभा राहिलेला तो गोल माणूस पाहिला. "का वो पाव्हणं, भांडलं का?"

"न्हाई," गोरक्ष वळणाकडे बघत म्हणाला, "माझीच हाय ती गाडी. काय वळतीया बघा!"