बाळाच्या दुधाचा डबा

काल मोताळ्याच्या मेडिकलमध्ये बाळाच्या दुधाच्या पावडरचे डबे रांगेनं मांडलेले दिसले.

लॉकडाऊनमधली ती दुपार आठवली. लेक जेमतेम महिन्याची होती. ताप आल्यापासून बायकोचं दूध आटलं होतं, घरातली पावडर संपली होती. अर्ध्या ओढलेल्या प्रत्येक शटर मी ठोठावत फिरलो.

"वरून मालच येऊन नाही राह्यला भाऊ, तुले कुठून देऊ?" शेवटच्या दुकानदारानं हात जोडले.

तापलेल्या डांबराच्या वासातून रिकामी पिशवी घेऊन परतलो. निघताना गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येणारं लेकीचं रडणं आता थांबलं होतं. दार ढकलायची हिंमत होईना.

माझ्या चपलांचा आवाज ऐकून आतून शेजारच्या नसीमभाभी हळूच म्हणाल्या, "कडी वाजवू नका भाऊ. आताच पोट भरलं तिचं, झोपली."

मी उंबऱ्यावरच बसून रडलो. डोळे पुसून आत गेलो, तर लेक भाभींच्या मांडीवर गाढ झोपली होती. त्यांचा स्वतःचा तान्हा मुलगा शेजारी गोधडीवर मूठ चोखत आपल्या पाळीची वाट बघत होता.