खोक्यातल्या फळ्या

दुबईत फरशीखाली हीटिंग कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण त्या व्हिलात एसी इतका चालायचा की मालकाच्या म्हाताऱ्या आईचे पाय गार पडायचे. म्हणून खाली गरम पाण्याच्या नळ्या आणि वर लाकडी फ्लोअरिंग.

ते बसवणारा सुतार रत्नागिरीकडचा होता. सकाळी आला की चपला दाराबाहेर काढायचा आणि ताप बघावा तसा उलटा हात जमिनीला लावायचा. मग फळ्यांच्या बंद खोक्यांकडे बघून म्हणायचा, "आज नाय." लाकूड खोलीच्या हवेला सरावायच्या आत बसवलं तर पुढे फटी पडतात, हे खोक्यावरच छापलेलं होतं. आमच्या कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात सगळ्यांना ते ठाऊक होतं, पण व्हिलाच्या मालकाला सांगायला कोणी तयार नव्हतं. तो रोज फोनवर "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, आटपा, करायचा. शेवटी सुताराला घाई करायला मला पाठवलं.

मी म्हटलं, "आज सुरू करा. नाहीतर मला घरी पाठवतील."

तो म्हणाला, "आमच्या खोलीत गावाहून नवा माणूस आला की पयले चार दिवस त्याला कोण काय सांगत नाय. नुसता पडू देतात. तुमी कधी आलात?"

"गेल्या शुक्रवारी."

त्याने एक खोकं माझ्याकडे सरकवलं. "मग बसा."

ऑफिसला काय सांगायचं ते सुचत नव्हतं, तरी बसलो. आल्यापासून सगळे मला यल्लाच म्हणत होते. बसा म्हणणारा तो पहिलाच.