मासळीच्या दिवशी बंद खिडक्या

आमच्याकडे मासळी शिजायची त्या दिवशी गॅस पेटवण्याआधी खिडक्या बंद व्हायच्या. इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मासे खाणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. कोणी कधी भांडायला आलं नाही, हे खरं. आलं असतं तर मी मुद्दाम सुकट भाजली असती. पण चांगल्या वागणाऱ्या माणसांच्या देव्हाऱ्यात आपला बोंबलाचा वास कसा सोडायचा? म्हणून हॉलच्या काचा ओढायच्या, दाराखालच्या फटीत जुना टॉवेल कोंबायचा, ड्राय बाल्कनीची बाहेरची, एरवीही बहुतेक बंदच असलेली सरकती दुधी काच घट्ट लावायची आणि ओट्यावरची विजेची चिमणी शेवटच्या बटणावर टाकायची. चिमणीचा पाइप रस्त्याच्या बाजूला काढलेला होता. वास जायचाच असेल तर काशीमीऱ्याच्या हायवेवरच्या ट्रकवाल्यांकडे जाऊ दे, असं नवरा म्हणायचा.

तो होता तेव्हा या सगळ्याची गंमत वाटायची. आम्ही दोघं चोर आणि घरात चोरीचा माल. तो गेल्यावर गंमत गेली, बंदोबस्त तेवढा राहिला.

पालीहून येणारी कोळीण पाटी उतरवून म्हणायची, "बाय, एकलीला एवढं बस हाय." मी तेवढंच घ्यायची. तळून झालं की केसांतला वास घालवायला लगेच डोक्यावरून आंघोळ. गॅसचा गीझर त्याच बंद बाल्कनीत होता, धूर जायला त्याचा पत्र्याचा पाइप काचेच्या वरून बाहेर काढलेला. मी न्हाऊन येईपर्यंत चिमणी घोंघावत असायची, कारण वासाचा भरवसा नाही.

मग कधीपासून तरी असं व्हायला लागलं की आंघोळ करून ताट वाढून घेतलं की डोकं ठणकायचं. मळमळायचं, पायातलं बळ जायचं. समोर कुरकुरीत बोंबील आणि मला घास जात नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालं, मासे पचत नाहीत, बंद करा. बंगळुरूहून लेक व्हिडिओवर म्हणाली, "आई, हे एकटेपणाचं आहे. बाबांच्या आवडीचं करतेस आणि मग रडू येतं तुला. दिवाळीनंतर ब्रोकरला बोलावते. घर विकू आणि तू इकडे ये."

लेकीचं मला पटलं, हेच वाईट. एकटीने जेवायला बसणं मला खरंच नकोसं व्हायचं. समोरच्या खुर्चीकडे बघायला लागू नये म्हणून मी टीव्हीकडे तोंड करून बसायची. तेव्हा मनाचं दुखणं डोक्यात चढलं असेल, असं मीही धरून चालले. पण घर सोडायचं नव्हतं. लेकीच्या घरी माझ्यासाठी एक खोली आहे, स्वच्छ, हवेशीर, आणि तिथे मी पाहुणी आहे.

एकदा न्हाऊन आले आणि बाल्कनीच्या काचेकडे लक्ष गेलं. काचेवर आतून पाणी ओघळत होतं. आंघोळ मी बाथरूममध्ये केलेली, बाथरूम पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला, मग वाफ इथे कुठून आली? आयुष्यभर मी टेलिफोनच्या तक्रार विभागात नोकरी केली. एकेक वायर सोडवून बघत जायचं, फॉल्ट आपोआप उघडा पडतो, हे तिथे अंगी मुरलेलं. पुढच्या खेपेला मासे तळले, खाल्ले, पण आंघोळ केली नाही. डोकं शांत. नंतर मासे न करता, सगळं बंद ठेवून, चिमणी लावून नुसती न्हायले. डोकं ठणकलं! म्हणजे बिचारे बोंबील निर्दोष होते.

पुन्हा सगळं बंद केलं, गरम पाण्याचा नळ सोडून गीझर पेटता ठेवला, देव्हाऱ्यातली उदबत्ती पेटवली आणि स्टुलावर चढले. मला या वयात स्टुलावर बघून लेकीने तिथल्या तिथे घर विकलं असतं. गीझरच्या डोक्यावर, पाइप जिथे सुरू होतो, तिथे फट असते. चिमणी बंद असताना तिथे धरलेल्या उदबत्तीचा धूर गुपचूप पाइपात शिरून वर गेला. चिमणी लावली. धूर थबकला, वाकडा झाला आणि उलटा माझ्या नाकातोंडात आला. गीझरची आच मंद करून पाहिली तरी तेच. पाइपातून गरम, दमट हवा तोंडावर येत होती. घाईने सगळं बंद केलं, काचा सरकवल्या, दार सताड उघडलं आणि दाराशी जमिनीवरच बसले.

सोपं होतं. चिमणीला बाहेर फेकायला हवा लागते. मी एकही फट ठेवली नव्हती, म्हणून ती गीझरच्या पाइपातून हवा आत ओढत होती, आणि त्या हवेबरोबर जळलेल्या गॅसचा विषारी धूर आणि वाफ घरात परत येत होती. मला रडू आलं. भीतीचं थोडं, जास्त आनंदाचं. माझं डोकं ठीक होतं. घर विकायचं कारण उरलं नव्हतं.

मेकॅनिक आला. बंद जागेत गीझर ठेवायचाच नाही, असं म्हणत त्याने बाल्कनीची दुधी काच कायमची काढून टाकली. गीझर चालू असताना चिमणी लावायची नाही, हेही बजावलं. मी लेकीला विजयी सुरात सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि तू आत पडली असतीस तर कोणाला कळलं असतं?"

"अगं, भरलेली बिल्डिंग आहे," मी म्हटलं. "भिंतीला भिंत लागून माणसं आहेत."

काच गेल्यानंतर पहिल्यांदा मासे केले तेव्हा माझा जीव मुठीत होता. समोरच, हात लांब केला तर पोचेल इतक्या अंतरावर, दुसऱ्या विंगची बाल्कनी आहे. तिथल्या बाईचं तोंड मी कधी नीट पाहिलं नव्हतं, पण तिच्या कुकरच्या शिट्ट्या मला पाठ होत्या. सकाळचं तिचं भजन, मुलांवरचं ओरडणं, एकादशीची शेंगदाण्याची खमंग फोडणी. तिच्यासाठीच तर मी एवढी वर्षं कोंडून घेतलं होतं. कपडे वाळत घालायला ती बाहेर आली. तिने हवा हुंगली. आता बोलणार, म्हणून मी माफीचं वाक्य जुळवून ठेवलं.

ती हसली. "आंटी, नये आये हो क्या? अच्छा हुआ. ये फ्लॅट तो हमेशा से बंद ही पडा था."

 मी नुसतं हो म्हणाले.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "मग, ब्रोकरला नको म्हणून सांगू ना?" तिने विचारलं. सकाळी समोरच्या बाईशी बोलेपर्यंत माझं उत्तर तयार होतं: भिंतीला भिंत लागून माणसं आहेत. फोन कानाशी धरून मी समोरच्या बाल्कनीकडे बघत राहिले आणि ती तिकडून "आई, आहेस ना? आई?" असं विचारत राहिली.