मागच्या दाराचं काय सांगायचं

शिवणकारखान्यातल्या बायका तिला पोपट म्हणत. मॅनेजर बोलेल ते ती परदेशी पाहुण्यांना जर्मनमध्ये सांगायची आणि पाहुणे बोलतील ते मॅनेजरला आपल्या भाषेत. पोपटाला पिंजरा लागतो. तिला काचेची केबिन मिळाली होती.

जर्मन तिला शाळेनं दिली. आठवीत जादा विषय निवडायची वेळ आली तेव्हा वडील म्हणाले, "जर्मन शिकून काय करणार, कोंबड्या हाकणार?" तिनं हट्टानं तीच घेतली. जर्मनच्या बाई वर्गात हसायच्या, आणि चुकलेल्या पोरीला पुन्हा बोलायला लावायच्या, गप्प बसवायच्या नाहीत. गरिबाच्या पोरांना परकी भाषा कशाला, असं विचारणाऱ्यांची स्वतःची पोरं बघा कुठल्या शाळेत असतात ते. हिला फायदा शाळेतच दिसला. परदेशी मशीनवरचं, बाहेरून आलेल्या औषधाच्या बाटलीवरचं बारीक जर्मन अक्षर ती वाचू लागली. शेजारीपाजारी बाटल्या घेऊन दारात यायचे. चार माणसांत तोंड उघडायची भीती मोडली ती कायमची.

पुढं कॉलेज काही झालं नाही. कारखान्यात आईच्या शेजारच्या मशीनवर बसली. मग मॅनेजरला कळलं, हिला जर्मन येते. त्यानं तिला उचलून केबिनमध्ये नेलं. आईचा ऊर भरून आला. बायका मात्र ती दिसली की बोलणं आवरतं घेऊ लागल्या. वर मॅनेजर, खाली बायका, आणि मधे ही, अडकित्त्यातल्या सुपारीसारखी.

कारखान्याला दोन दारं. मागच्याला कायम कुलूप, कारण मॅनेजरच्या मते बायका कापड पळवतात. गेल्या हिवाळ्यात इस्त्रीची वायर जळली आणि धूर झाला. पुढच्या दाराशी रेटारेटी, मागचं बंद. आई तिथंच भोवळ येऊन पडली. कुणी मेलं नाही, म्हणून कुणी काही बोललं नाही.

खरेदीदार जर्मन कंपनीचा साहेब पाहणीला येणार, हे कळल्यावर काजं करणारी मावशी केबिनच्या दाराशी आली. ती तिथली सगळ्यात जुनी बाई.

"काय गं पोपटे, उद्या त्या दाराचं सांगशील ना?"

"बघू, मावशी."

"बघू म्हणजे नाही. मलाही भाषा कळते हो."

घरी आईनं विषय काढलाच. "तू काही बोलायचं नाहीस. आपली चूल इथूनच पेटते." ताटातलं तसंच ठेवून ही उठली.

साहेब आला. गोड बोलणारा, चकचकीत बुटांचा. मजला फिरत तो मागच्या दाराशी थांबला आणि कुलपाकडे बोट करून त्यानं विचारलं, "हे कामाच्या वेळी उघडं असतं ना?"

तिनं मॅनेजरला सांगितलं.

"म्हणावं, उघडंच असतं. आज रंगकाम आहे म्हणून लावलंय," मॅनेजर म्हणाला. मग हळूच, "आणि तुझी आई याच मजल्यावर बसते, ध्यानात ठेव."

मावशी मशीनवरूनच म्हणाली, "रंग कुठाय, डबा तरी दाखवा. कायम कुलूप असतं. आम्ही धुरात कोंडलो होतो, तेही सांग गं."

तिनं आईकडे पाहिलं. आई मान खाली घालून शिवत होती, पण शिवण वाकडी जात होती. तिनं साहेबाला सांगितलं, "मॅनेजर म्हणतात, कुलूप आजच लावलंय. ह्या म्हणतात, कायम असतं, आणि धूर झाला तेव्हाही होतं."

साहेब हसला, आवाज खाली आणला. "मी मॅनेजरना विचारलं होतं. दुसरं तू बोलली नाहीस, मी ऐकलं नाही. यांना सांग, सगळं ठीक आहे म्हणून."

म्हणजे दोन्हीकडून तोंड शिवलेलं. बाहेरून कुणी येईल, बघेल, सोडवेल, या आशेवर अख्खा मजला बसला होता. तो माणूसही मॅनेजरच्याच पंगतीतला निघाला. हे त्या मजल्यावर तिला एकटीलाच कळलं होतं.

"काय म्हणाला गं?" मावशीनं विचारलं.

ती बायकांकडे वळली. "म्हणाले, तुमचं बोलणं त्यांनी ऐकलंच नाही. सगळं ठीक आहे असं तुम्हाला सांगायला सांगितलंय."

एक मशीन थांबलं. मग दुसरं. आईनं मशीनच्या पायट्यावरचा पाय काढला तो सगळ्यात शेवटी, पण काढला.

"काय सांगितलंस या बायकांना?" मॅनेजर ओरडला.

"साहेब म्हणाले तेच."

"त्या साहेबाला सांग," मावशी म्हणाली, "दार उघडेस्तोवर सुई हलणार नाही. आणि विचार, हे तरी ऐकू आलं का."

तिनं एक शब्दही न गाळता सांगितलं. साहेबाचं हसू गेलं. त्यानं मॅनेजरला दाराकडे खूण केली. मॅनेजरनं जुडगा काढला. एक किल्ली घातली, दुसरी घातली. कुलूप काही हलेना. गंज चढला होता.

"काय झालं?" साहेबानं तिला विचारलं.

"उघडत नाही," ती म्हणाली. मग तेच आपल्या भाषेत, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं.