मे महिन्यातली शेगडी

माझी मुलगी भर मे महिन्यात जन्मली. आयुष्यातली पहिली चूक तिथेच केलीस, असं मी तिला अजून चिडवते. पंचवीसेक वर्षं होऊन गेली म्हणून चिडवता येतं. तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. माझं माहेर भोकरदन तालुक्यात, पण दवाखाना जवळ हवा म्हणून भावाने मला जालन्यात आपल्या घरी आणलं. जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानांमागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर त्याच्या दोन खोल्या. डोक्यावर थेट स्लॅब, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, आणि खिडकी एकच. गल्लीतले दोन कडुलिंब तोडून तिथे दुकानं झाली होती, त्यामुळे खिडकीतूनही झळाच यायच्या. गावाकडे आमचं धाब्याचं घर. हातभर जाड मातीच्या भिंतींत वैशाखातही दुपारची झोप लागायची. इथे दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर आग ओकत राही. असं ऊन एखाद्याच वर्षी पडतं, अशी आम्ही तेव्हा स्वतःची समजूत घातली होती. आता मार्च सरला की तसंच ऊन दरवर्षी असतं.

माय गावाहून आली ती सगळा सरंजाम घेऊन. बाजेखाली गोवऱ्यांची शेगडी, सकाळ-संध्याकाळ ओव्याची धुरी, माझ्या कानाला फडकं, लेकराला कुंची आणि वरून दुपटं. खिडकी बंद. पंखाही बंद, कारण पंख्याचं वारं बाधतं. ही सगळी रीत गार मातीच्या घरात बरोबरच असणार. पण माय घर सोडून आली आणि रीत तेवढी सोबत घेऊन आली. मी बारावी झालेली, पण मायपुढे माझ्या बारावीची किंमत शून्य.

"बाळंतिणीनं तोंड चालवायचं न्हाई," ती म्हणायची.

आठव्या दिवशी सकाळी मी पडल्या पडल्या कपड्यांच्या दोरीकडे बघत होते. आदल्या दिवशी दोरीवर सात-आठ लंगोट होते. आज एकच. माय कौतुकाने म्हणाली, "शहाणं हाय लेकरू. आजीचं धुणं कमी केलं." मला ते पटलं. कसं पटलं, याचा राग मला आजही येतो.

दुपारपर्यंत दुसरा लंगोट ओला झाला नाही. मुलगी दूध ओढेना, रडेना, नुसती पडून राहिली. अंग चटका बसावा इतकं तापलेलं.

"वारं लागलं हिला," म्हणत मायने दुसरं दुपटं घातलं आणि शेगडीत आणखी दोन गोवऱ्या सरकवल्या. वहिनी दारात उभी होती, पण सासूपुढे काय बोलणार? भाऊ मोंढ्यात, दुकानावर. मी मुलीच्या टाळूवर हात ठेवला. टाळू खोल गेली होती. मी कानाचं फडकं ओढून फेकलं, दुपटी सोडली, कुंची काढली आणि लेकराला उघडं करून मोरीत जाऊन बसले. ओल्या फडक्याने तिचं अंग पुसायला लागले.

माय मागोमाग आली. "काय करून राह्यली तू? मारती का लेकराला?"

"मी न्हाई, तूच मारून राह्यली," मी म्हणाले.

मायला मी असं कधीच बोलले नव्हते. वहिनी तोवर जिना उतरून रिक्षा आणायला पळाली होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मुलीला बघितलं, लगेच सलाईन लावली. "वारं-बिरं काही नाही. उकाड्याने अंगातलं पाणी आटलंय. असल्या दिवसांत शेगडी कुणी ठेवली?" पुढचे चार तास मी त्या कोरड्या लंगोटाला हात लावून बघण्यापलीकडे काही केलं नाही. संध्याकाळी तो ओला लागला, आणि मी सगळ्यांदेखत ढसाढसा रडले.

माय बाकड्याच्या पार टोकाला बसली होती. दुपारपासून मी तिच्याकडे बघितलंही नव्हतं. ती जवळ सरकली आणि हळू आवाजात माझ्या आधी झालेल्या तिच्या मुलाबद्दल बोलायला लागली. तो दुष्काळाच्या साली झाला होता. माय-बाप खडी फोडायच्या कामावर, राहायला पत्र्याचं खोपटं. बारा दिवसांचा होऊन गेला. मायने पांघरूण काढलं म्हणून वारं लागून पोर गेलं, असं घरात सगळे म्हणायचे. मायने ते कधी खोडून काढलं नव्हतं.

"त्याचा बी लंगोट कोरडाच होता," ती म्हणाली. "लई तापला होता म्हणून मी पांघरूण काढलं. मंग सासू रागावली, तिनं परत घातलं. मी पुन्हा न्हाई काढलं." मग थांबून तिने विचारलं, "तसंच उघडं राहू द्यायला पाह्यजे होतं का गं?"

डॉक्टरीणबाई चार पावलांवर होत्या. त्यांना विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. फक्त सरकून तिला मुलीशेजारी जागा करून दिली. मायने मुलीच्या अंगावरचं फडकं बाजूला केलं आणि पदराने वारा घालायला लागली. वर पंखा चालू होता, तरी तिचा हात थांबत नव्हता.