आबांची भूक

आज शाळेत शिकवून नेहमीपेक्षा लवकर, पाचच्या आधीच घरी आले तेव्हा स्वयंपाकाचं त्राणच नव्हतं. सासऱ्यांना म्हटलं, "आबा, आज बाहेरच जेवू." देवपुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक अक्का वरणबट्टी करतात. तिथे मी पहिल्यांदाच गेले.

दोन महिने झाले, आबा संध्याकाळी जेमतेम चतकोर भाकरी खातात. काळजीने त्यांना डॉक्टरांनाही दाखवून आणलं.

अक्कांनी न विचारताच आबांची बट्टी ताटात बारीक चुरली, वर वरण ओतलं. "आबा, आज इतला उशीर? माले वाटनं, येतस का नही!"

मी आबांकडे पाहिलं. "रोज येता इथे?"

"पाच वाजता," ते ताटाकडे बघत म्हणाले. "तू थकीसन येस. भाकर थापतांना तुनं तोंड मी देखस ना."

भरून यायला हवं होतं, पण आधी रागच आला. डॉक्टरांसमोरसुद्धा गप्प बसले होते!

आता आडवी पडून हे लिहितेय. दमले, असं मी घरात एकदाही म्हटलं नाही, याचा मला केवढा अभिमान होता. न बोलता आपण घरच्यांना आणखी काय काय ऐकवत असतो?